सहावी ओळ

फळा दारातच आहे,
चपलांच्या वर, घड्याळाच्या खाली.
साडेआठला मी तो ओल्या फडक्यानं पुसते
आणि काल निघून जातो.

आज सोळा जानेवारी.

१६८१. रायगडावर राज्याभिषेक.
१९२०. राष्ट्रसंघाची पहिली बैठक, पॅरिसला.
१९६९. अवकाशात दोन यानं जोडली गेली,
दोघेजण एकातून निघून
पोकळीत चाचपडत दुसऱ्यात शिरले.
(इथं खडू मोडतो. दर वर्षी.)
१९९१. आखातात युद्ध. खरं तर
आपल्या घड्याळात सतरा तारीख लागली होती,
पण पुस्तक सोळा म्हणतं;
आणि ज्यांची माणसं कुवेतला अडकली होती
त्यांनी कुठं तारीख विचारली.

मध्ये एक जागा सोडलेली असते.
ती शेवटी भरते, श्वास घेऊन:
१९६७. जनमत कौल.

डिचोलीच्या या वाचनालयात
एकाच पंख्याखाली, एकाच पेपराची दोन पानं वाटून घेऊन
कुष्टा परब आणि जयराम पोंबुर्पेकर बसतात.
एकानं फुलावर शिक्का मारला होता,
दुसऱ्यानं दोन पानांवर.
कुणी कशावर, हे साऱ्या गावाला पाठ.

परब म्हणतात, कौल कसला?
देवीच्या अंगाला पाकळी लावतात,
उजवी पडते की डावी बघतात, तो कौल.
ही तर नुसती मोजणी.
पोंबुर्पेकर म्हणतात, अस्मिताय दिस लिही.
स्पष्ट लिही. भ्यायचं काय त्यात.
परब म्हणतात, मग आमचा दिवस कुठला?
मी खडूची भुकटी झटकते आणि
वीजबिलाची रांग आठवल्यासारखं करते.

हा फळा आमोणकरांचा.
एकतीस वर्षं त्यांनी पाच ओळी जगाच्या लिहिल्या
आणि खाली, बारीक अक्षरात, सहावी आपली:
"१९७८. सारमानसच्या फेरीतून म्हैस पाण्यात पडली.
फेरीच्या आधी पलीकडे पोचली."
"१९८३. या इमारतीत पंखा आला.
पहिल्या दिवशी कुणी वाचलं नाही, सगळे वर बघत होते."
लोक वाटर्लू सोडून ते वाचायचे.

मी आल्यावर सहावी बंद केली.
कार्यालयीन कारण: पुरावा नाही.
खरं कारण: माझ्याकडे म्हैस नव्हती.

पण काल कपाटामागे त्यांची वही सापडली,
तीनशे सहासष्ट पानं, एकोणतीस फेब्रुवारीसुद्धा.
सोळा जानेवारीच्या पानावर
सहावी ओळ होती, पेन्सिलीनं,
फळ्यावर कधीच न चढलेली:

"१९६७. आम्ही दोघं मतदानाला चालत गेलो.
तिचं पान, माझं फूल. एकमेकांत फिटलं.
घरी बसलो असतो तरी हिशेब तोच होता.
येताना बोर्डेच्या तिठ्यावर भजी खाल्ली."

खाली आणखी काही होतं, खोडलेलं.
उजेडाला धरून पाहिलं. नाही लागलं.

आज मी शेवटचं तेवढं वाक्य उतरवलं,
बारीक, कोपऱ्यात, पायरीवर उभी राहून.
भजी खाल्ली. दोघांनी.
'दोघांनी' माझं. तेवढी लबाडी मी केली.

नऊ वाजता ते आले. चपला काढल्या.
पाच ओळी वाचल्या नाहीत.
बराच वेळ उभे होते.
मला वाटलं, आता पेटणार,
पाणी आणून ठेवलं.

परबांनी चष्मा पुसला.
"कसलीं रे भजीं?"
"मिरसांगेचीं," पोंबुर्पेकर म्हणाले. "आनी कसलीं?"
"खंय! त्या तिठ्यार कांद्याचीं मेळटालीं."
"मिरसांगेचीं. म्हाका सांगनाका. हांव खायत आयिल्लों."
"त्याच दिसा?"
"त्याच दिसा."
"कितें सांगता? हांवूय."

मग दोघंही गप्प.
पंखा फिरतोय. पेपर एकाच्याच हातात,
दुसरा मागायला विसरलाय.

उद्याची तारीख काढायला मी वही उघडते.
सतरा जानेवारी. सहाव्या ओळीत
फक्त एवढंच आहे:
"काही झालं नाही. खडू संपला."